श्रीलंकेच्या तळ्यांकाठी, कापणीच्या दिवसांत

श्रीलंकेला लोक जातात ते समुद्रासाठी, चहाच्या मळ्यांसाठी, नाहीतर रामायणाशी जोडलेली ठिकाणं बघायला. आम्ही गेलो ते धान बघायला. माझे बाबा भंडारा जिल्ह्यातले, आयुष्यभर धानाची शेती केलेले. २०२१ साली श्रीलंकेने रासायनिक खतांवर एका झटक्यात बंदी घातली, तेव्हापासून तिथली प्रत्येक बातमी ते कापून ठेवत होते. "त्या शेतकऱ्यांचं पुढं काय झालं, ते कोणी लिहीतच नाही," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मार्च २०२५ मध्ये, होळीच्या आठवड्यात, त्यांना घेऊन मी कोलंबोला उतरले.

निघण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. या बेटाचा नैऋत्य भाग भरपूर पावसाचा, पण भाताचं कोठार आहे ते उत्तरेच्या आणि पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात. तिथे मुख्य पाऊस पडतो ऑक्टोबर ते जानेवारी, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. त्यावर येणारा हंगाम म्हणजे 'महा'. एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंतचा दुसरा हंगाम 'याला', आणि तो बहुतेक तळ्यांत साठवलेल्या पाण्यावरच निघतो. तळी नसती तर इथे वर्षातून एकदाच, तेही नशिबाने पिकलं असतं. आम्ही पोहोचलो तेव्हा महाची कापणी शेवटाकडे आली होती.

मंगळवार : कुरुणेगल आणि बटलगोडा

विमानतळावरून थेट कुरुणेगलचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना नारळ, मध्येच धानाच्या बांध्या, त्यांच्या कडेने बगळे. ड्रायव्हर पन्नाशीचे, हिंदी बऱ्यापैकी बोलणारे. त्यांना आम्ही अय्या म्हणायला लागलो, तिथे थोरल्या भावाला तसंच म्हणतात.

कुरुणेगलच्या पुढे बटलगोडा इथे भात संशोधन संस्था आहे, १९५२ पासूनची. आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती, त्यामुळे एका अधिकाऱ्यांनी प्रयोगाच्या बांध्यांतून फिरवलं. स्वातंत्र्याच्या वेळी, १९४८ मध्ये, हा देश निम्म्याहून जास्त तांदूळ बाहेरून आणत होता. १९५२ मध्ये सरकारने चीनशी करार केला : आम्ही रबर देतो, तुम्ही तांदूळ द्या. पुढच्याच वर्षी रेशनच्या तांदळाचा भाव मापामागे २५ सेंटवरून ७० सेंट झाला. देशभर हरताळ पडला, गोळीबार झाला आणि पंतप्रधान डडली सेनानायके यांना पद सोडावं लागलं. तांदळाच्या भावावरून पंतप्रधान घरी जातो, हे इथल्या राजकारण्यांनी तेव्हाच पाहून ठेवलं.

त्या दिवसांत इथे 'एच-४' नावाचं वाण तयार झालं, लंकेच्या मुरुंगकायन आणि इंडोनेशियाच्या मास या दोन भातांच्या संकरातून. ते शेतकऱ्यांच्या हाती आलं १९५८ मध्ये. फिलिपिन्सच्या ज्या 'आयआर-८'चं जगभर नाव झालं, ते आलं १९६६ मध्ये. म्हणजे हा एवढासा देश स्वतःच्या बियाण्याचा विचार त्याच्या आठ वर्षं आधी करून बसला होता. आज इथलं जवळपास सगळं भातक्षेत्र देशातच तयार झालेल्या वाणांखाली आहे. मला याचं फार कौतुक वाटलं. बी स्वतःचं असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

वाणांची नावं कशी वाचायची तेही त्यांनी शिकवलं. 'बीजी' म्हणजे बटलगोडा, 'एटी' म्हणजे दक्षिणेचं अंबलंतोटा. पुढच्या आकड्यात पिकाचा कालावधी असतो : बीजी ३०० तीन महिन्यांचं, बीजी ३५२ साडेतीन महिन्यांचं, बीजी ४०३ चार महिन्यांचं. बाबा खूश झाले. "म्हणजे पोतं बघितलं की तळ्यात पाणी किती लागंल ते कळलं!" अधिकारी म्हणाले, अगदी त्यासाठीच. पाणी कमी असेल त्या वर्षी गाव तीन महिन्यांचं वाण घेतं.

बाबांनी एक लोंबी हातावर घेतली, दाणे चुरले, फुंकर मारून पोचट उडवले आणि उरलेले मोजले. मग एक दाणा दाताखाली धरून म्हणाले, "अजून चार दिवस." अधिकाऱ्यांनी पाटीवरची तारीख बघून मान डोलावली.

मुक्काम एका घरगुती अतिथिगृहात. घरच्या ताई सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या परसात टॅपिओकाचे दांडे आणि रताळ्याचे वेल. २०२२ च्या जूनमध्ये सरकारने कर्मचाऱ्यांना शुक्रवारी सुट्टी दिली होती, घरी भाजीपाला लावा म्हणून. देशाकडे डॉलर नव्हते, पेट्रोलच्या रांगा दोन-दोन दिवस हलत नव्हत्या. त्यांचे हे वाफे त्या शुक्रवारांचे. "तेव्हा लावलं ते अजून चालू ठेवलंय," त्या म्हणाल्या.

*जाणाऱ्यांसाठी :* ईटीए, म्हणजे प्रवासाची सरकारी परवानगी, आधीच ऑनलाइन काढा. आपल्या एका रुपयाला तिथले साधारण साडेतीन मिळतात. शाकाहारी असाल तर एक शब्द पाठच करा : उंबलकड. ही सुकवलेल्या माशाची पूड खोबऱ्याच्या चटणीतसुद्धा घालतात, आणि नुसतं 'व्हेज' म्हटलं तर ती आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

बुधवार : कला वेवा

वेवा म्हणजे तळं. कला वेवा पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलं. पाळीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पाळीवर अर्जुनाची जुनी झाडं, बुंधे इतके रुंद की तीन माणसांनी कवेत घ्यावेत.

पण इथे खरं बघायचं ते तळं नाही, तिथून निघणारा पाट. जया गंगा नावाचा हा कालवा ८७ किलोमीटर वळणं घेत अनुराधपूरच्या तिस्सा वेवापर्यंत जातो. सुरुवातीच्या सतरा मैलांत त्याचा उतार मैलामागे सुमारे सहा इंच. दीड हजार वर्षांपूर्वी, आजची कुठलीही यंत्रं नसताना, हा उतार कसा साधला असेल, याचा विचार करत बाबा काठावर कितीतरी वेळ बसले होते. या कालव्याला पाळ आहे ती एकाच बाजूला. दुसरी बाजू उघडी, तिथे पाणी जमिनीच्या चढाला टेकतं. चढावरून येणारं पावसाचं पाणीही थेट आत येतं, आणि वाटेतली लहान तळी भरत कालवा पुढे जातो. त्यामुळे तो कालवाही आहे आणि लांबच लांब तळंही.

इंग्रजांच्या काळात, १८८० च्या दशकात, पडीक झालेलं कला वेवा दुरुस्त झालं. आणि १९७६ पासून त्यात महावेली नदीचं पाणी बोगद्यांतून वळवून आणलं जातं. महावेली ही देशातली सर्वांत लांब नदी, ३३५ किलोमीटर. तिच्यावरची योजना मुळात तीस वर्षांची होती, ती १९७७ नंतर सहा वर्षांत आटपायचं ठरलं. व्हिक्टोरिया धरणाला ब्रिटनची मदत, कोत्मलेला स्वीडनची, रंदेनिगलाला जर्मनीची, मादुरू ओयाला कॅनडाची. लाखो माणसं नव्या वसाहतींत हलली. देशाला भात पुरेसा होऊ लागला त्यात या पाण्याचा वाटा फार मोठा आहे. ज्यांची घरं आणि बागा पाण्याखाली गेल्या त्यांचाही वाटा तितकाच, आणि तो सहसा कोणी मोजत नाही.

जवळच अवुकनाची बुद्धमूर्ती आहे, एका दगडात कोरलेली, सुमारे चाळीस फूट उंच. सकाळी लवकर जा. दहानंतर दगड इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाहीत.

गुरुवार : अनुराधपूर, पौर्णिमा

पोया, म्हणजे पौर्णिमा, इथे सार्वजनिक सुट्टी असते. सगळं शहर पांढऱ्या कपड्यांत. त्या दिवशी दारू आणि मांस विकत नाहीत, दुकानंही बरीच बंद. प्रवास आखताना हे लक्षात ठेवा.

महाबोधी वृक्षाशी नव्या तांदळाची पूजा होते, त्याची तयारी सुरू होती. उन्हाने जीव जात होता, त्यामुळे दुपार आम्ही बसवक्कुलम तळ्याच्या काठी काढली. हे देशातल्या सर्वांत जुन्या तळ्यांपैकी एक. काठावरच्या गाडीवर कवठाचं सरबत मिळालं, नारळाचं दूध घातलेलं. कवठ आपल्याकडे चटणीत नाहीतर गुळाबरोबर खातात, हे बाबांनी गाडीवाल्या बाईंना हातवारे करून सांगितलं. त्यांनी लगेच एक कवठ फोडून गूळ पुढे केला.

*जाणाऱ्यांसाठी :* पासपोर्ट जवळ ठेवा. प्राचीन स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना बहुतेक ठिकाणी अर्धं तिकीट लागतं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेतच.

शुक्रवार : गावतळं

केकिरावाच्या बाजूला एका खेड्यात अय्यांचे मामा राहतात. आम्हीही त्यांना मामाच म्हणायला लागलो. सत्तरीचे, बारीक, पायांत चप्पल नाही. अडीच एकर भात, थोडी कोरडवाहू जमीन, घराभोवती नारळ, फणस, शेवगा.

या पट्ट्यात अशी हजारो लहान गावतळी आहेत आणि ती सुटी सुटी नाहीत. एका ओहोळावर एकाखाली एक अशी माळ असते. वरच्या तळ्यातून भाताला दिलेलं पाणी झिरपून खालच्या तळ्यात येतं, तिथून पुढच्या. या रचनेला २०१७ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. आमच्याकडे भंडाऱ्यात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, याच तत्त्वावर बांधलेल्या आहेत, म्हणून बाबांना ते समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पाळीवर चढताच विचारलं, "तुडूम कुठंय?" मामांनी हात धरून पाणी सोडायच्या जागेशी नेलं.

तळ्याच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा, वारा अडवायला आणि बाष्पीभवन कमी करायला. त्याखाली गवताचा पट्टा, गाळ अडवायला. एका बाजूला लहान डबकं, ते मुद्दाम ठेवलेलं, जनावरांनी तिथे पाणी प्यावं म्हणून. पाळीच्या खालच्या बाजूला दाट झुडपांचं जंगल. मामा म्हणाले, झिरपणाऱ्या पाण्यातला खार ही झाडं ओढून घेतात, म्हणून खालच्या बांध्या खारट होत नाहीत. ज्या गावांनी हा पट्टा तोडून तिथे शेती केली, त्यांची पुढची जमीन बिघडली. पावसाळ्यात पाळ कुठे खचते, कुठे मुंग्यांनी भोकं पाडली, हे सगळं मामांना पाठ.

मला सर्वांत भावलं ते 'बेत्मा'. तळ्यात पाणी कमी असेल त्या हंगामात सगळं शिवार पिकवायचं नाही. तळ्याला लागून असलेला, जेवढ्याला पाणी पुरेल तेवढाच भाग पिकवायचा, आणि तो सगळ्या खातेदारांत त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. म्हणजे ज्याची जमीन तळ्याशी आहे तो त्या हंगामापुरती आपली बांधी दुसऱ्याला देतो. हंगामाच्या आधी गावाची बैठक होते, पाणी कधी सोडायचं, कोणतं वाण घ्यायचं, बेत्मा करायचा की नाही, हे तिथे ठरतं. या निर्णयांना कायद्याचं बळ आहे. मी मामांना विचारलं, तळ्याजवळचा शेतकरी तयार होतो का? ते म्हणाले, "आज त्याची जमीन वर आहे. त्याच्या मुलीचं सासर खाली आहे."

शेतात कापणीचं यंत्र चालू होतं. लोक त्याला 'भूतया' म्हणतात. एका एकराचं काम बघता बघता उरकतं. इथे रोवणी जवळपास नाहीच, भिजवून मोड आणलेलं बी चिखलात फेकून पेरतात. बाबांना ते पटेना. मग मामांनी मजुरीचा दर सांगितला, आणि बाबा गप्प झाले.

दुपारी तीनच्या सुमारास आकाश भरून आलं. रस्त्याच्या एका अंगाला गावभराचं धान वाळत पसरलेलं. पहिला थेंब पडायच्या आत घराघरातून माणसं धावली. शाळेतली पोरं, सुना, सायकलवरून चाललेला पोस्टमन, सगळे लाकडी फावड्यांनी धान ओढून ढीग करत होते आणि ताडपत्र्या टाकत होते. बाबांनी एका ताडपत्रीचं टोक धरलं, दुसरं एका आजींनी. वीसेक मिनिटं धो धो पाऊस कोसळला. कडेचा एक ढीग भिजला. त्याच्या मालकाने पाऊस थांबताच तो पुन्हा पसरला आणि पायांनी दाणे परतवत राहिला. ओलं धान व्यापारी घेतो, पण भाव पाडूनच.

रात्रीचं जेवण : लाल भात, कोवळ्या फणसाची मसालेदार भाजी, कमळाच्या देठांची रस्सा भाजी, नाचणीची भाकरी. भाकरीत खोबऱ्याचा कीस, जाडसर, तव्यावर भाजलेली. बाबांनी तीन खाल्ल्या. फणसाला इथे भाताचं झाड म्हणतात आणि ते झाड तोडायला परवाना लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर डायस नावाच्या गृहस्थांनी देशभर फणस लावण्याची मोहीम काढली. उपासमारीत फणस माणसं जगवतो, हा त्यांचा आग्रह. लोक त्यांना 'कोस मामा', म्हणजे फणसमामा, म्हणत. २०२२ मध्ये शेजारच्या कितीतरी घरांत एका वेळचं जेवण फणसाचंच होतं, असं मामी म्हणाल्या.

जेवणानंतर बाबांनी शेवटी तो विषय काढला. अय्या दोन्हीकडून भाषांतर करत होते.

मामा म्हणाले, २०२१ च्या मेमध्ये बंदीचा हुकूम निघाला. त्याआधी सोळा वर्षं सरकारच भाताला स्वस्त खत देत होतं. २००५ मध्ये सुरुवात झाली ती पन्नास किलोची गोणी ३५० रुपयांत. एवढ्या स्वस्त खताची सवय लावली आणि मग एका हंगामात ते काढून घेतलं. आम्हाला कोणी विचारलं नाही. सेंद्रिय खत येणार म्हणाले. चीनहून आलेल्या जहाजातल्या मालात घातक जिवाणू सापडले म्हणून ते परत गेलं. गावाला मिळालं ते कंपोस्ट कमी आणि माती जास्त. फुटवे फुटायच्या वेळी पीक पिवळं पडलं. "सकाळी बांधावर जायला नको वाटायचं."

बाबांनी तिथेच हिशेब मांडला. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका गोणीत २३ किलो. कंपोस्टमध्ये नत्र एक टक्का धरलं, तर तेवढ्यासाठी २,३०० किलो कंपोस्ट लागेल, आणि त्यातलंही सगळं पहिल्या हंगामात पिकाला मिळत नाही. संपूर्ण देशाला पुरेल एवढं कंपोस्ट एका पावसाळ्यात कुठून आणायचं? मामा नुसते मान हलवत राहिले. बंदी नोव्हेंबरमध्ये उठली, पण महाची पेरणी तोवर झाली होती. त्या हंगामात देशाचं भाताचं उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. मामांचं पीक निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अन्नाची महागाई ९० टक्क्यांच्या वर गेली, आणि जो देश भातात स्वयंपूर्ण म्हणून अभिमानाने सांगत होता त्याला भारतातून तांदूळ आणि युरिया उधारीवर घ्यावा लागला.

पण मामा रसायनांच्या बाजूचे नाहीत, हे मला नीट नोंदवायचं आहे. या भागात १९९० च्या दशकापासून मूत्रपिंडाचा एक आजार पसरला आहे, ज्याचं नेमकं कारण आजवर ठरलेलं नाही. त्यांचा धाकटा भाऊ त्यातच गेला. गावात आता शुद्ध पाण्याचं यंत्र आहे, प्यायला तेच पाणी. घरच्या खाण्यासाठी ते अर्धा एकर सुवंदेल नावाचा जुना सुगंधी भात लावतात, शेणखतावर. त्यांचं म्हणणं एवढंच : "दहा वर्षं द्या, दर हंगामाला थोडं थोडं कमी करू. शिकवा, शिकू. हे बैठकीत मांडलं असतं तर आम्हीच वाट काढली असती." बेत्मा करणारं गाव आहे हे. पाण्यासारखी अवघड गोष्ट ज्यांनी शेकडो वर्षं आपसांत वाटून घेतली, त्यांना खताबद्दल एका शब्दानेही विचारू नये, याची मला अजून चीड आहे.

शनिवार : पाच मिनिटांची मोजणी

ज्याची कल्पनाही नव्हती ते या दिवशी बघायला मिळालं. १५ मार्चला सकाळी ८ ते ८:०५ या पाच मिनिटांत देशभरातल्या लोकांनी आपापल्या शेतात आणि घराभोवती दिसणारी माकडं, मोर, शेकरू मोजायचे, असं सरकारने सांगितलं होतं. पिकांचं नुकसान इतकं वाढलं आहे. मामा कागद-पेन्सिल घेऊन परसात, मामी नारळाखाली, बाबा बांधाकडे. मोर पाच, वानरं अकरा, शेकरू एक. त्या शेकरूने त्याच वेळी एक कोवळा नारळ कुरतडून खाली टाकला.

हत्ती या मोजणीत नव्हते, पण खरी भीती त्यांचीच. पीक उभं असेपर्यंत शिवाराभोवती विजेचं कुंपण घालतात, कापणी झाली की काढून ठेवतात. हत्तींना मग खुंटं चरायला मोकळी. रात्री राखणीला झाडावरच्या माचाणात बसायचं. आदल्या वर्षी शेजारच्या वाडीतला एक जण हत्तीपायी गेला. सांगताना मामांच्या आवाजात राग नव्हता. त्यांच्या मते हत्तीची वाट आधीची, वस्ती नंतरची.

रविवार : दांबुल्लाचा घाऊक बाजार

भाज्यांच्या मालमोटारी इथे रात्रंदिवस येत असतात. आम्ही पहाटे गेलो. डोंगरातली गाजरं, कोबी, लीक, मैदानातली वांगी, भोपळे, मिरच्या. आणि कांद्याच्या गोण्यांसमोर बाबा थबकले. लाल जाळीच्या गोण्या, नाशिकच्या. इथे मोठ्या कांद्याला बॉम्बे कांदाच म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे निर्यातबंदी झाली तेव्हा इथे भाव कडाडले होते, आणि आम्ही गेलो तेव्हा निर्यातीवर २० टक्के शुल्क होतं. एक व्यापारी म्हणाला, "तुमच्या दिल्लीत काय ठरतं ते आम्हाला तुमच्या शेतकऱ्याआधी कळतं." बाबा म्हणाले, "शेतकऱ्याला कळतं ते भाव पडल्यावर."

भातापुरतं बोलायचं तर हा देश बऱ्याच वर्षांत स्वतःचं पोट भरतो. पण ताटातली मसूर डाळ येते कॅनडा-ऑस्ट्रेलियातून. पाव, रोटी आणि कोत्तूचा (चिरलेल्या रोटीचा पदार्थ) गहू तर सगळाच बाहेरचा, कारण इथे गहू पिकत नाही. स्वयंपूर्णतेचा आकडा वाचताना ताटात भाताशेजारी काय वाढलंय तेही बघायला हवं, हे मला या बाजारात कळलं.

सोमवार : मिन्नेरिया आणि पोलोन्नारुवा

मिन्नेरियाचं तळं महासेन राजाचं, तिसऱ्या शतकाच्या अखेरचं. लोक त्या राजाला आजही देव मानून पूजतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी ओसरलं की तळ्याच्या उघड्या बुडावर कोवळं गवत येतं आणि शेकडो हत्ती जमतात. मार्चमध्ये एवढे दिसत नाहीत, आम्हाला दोनच दिसले.

पोलोन्नारुवाला पराक्रम समुद्र आहे, बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचा. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्राला मिळता कामा नये, असं तो म्हणाल्याचं सांगतात. त्याच्या कालव्यांखाली आज मोठमोठ्या भातगिरण्या उभ्या आहेत. एका गिरणीबाहेर ट्रॅक्टरांची रांग होती. सरकारने फेब्रुवारीत नाडू जातीच्या धानाला किलोमागे १२० रुपये, सांबाला १२५ आणि कीरी सांबाला १३२ रुपये भाव जाहीर केला होता. दुकानात नाडू तांदळाची कमाल किंमत तेव्हा २३० रुपये होती. धानाचा तांदूळ होताना साधारण ६५ टक्के उतारा मिळतो, म्हणजे १२० चं धान तांदूळ म्हणून सुमारे १८५ ला पडतं. मधल्या ४५ रुपयांत भरडणं, वाहतूक, दुकानदार आणि गिरणीमालकाचा नफा. रांगेतल्या शेतकऱ्यांची तक्रार वेगळीच होती : ज्याच्याकडे गोदाम आहे तोच भाव ठरवतो. कापणीच्या वेळी धान घरात ठेवायला जागा नसते, सावकार दारात असतो. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये बाजारात तांदूळ कमी पडला म्हणून सरकारने पुन्हा आयात उघडली होती. बाबा त्या रांगेत तासभर बसले, एकाही माणसाची भाषा न येता. उठताना सगळ्यांनी हात मिळवला.

*जाणाऱ्यांसाठी :* इथे मातीच्या मडक्यातलं म्हशीचं दही मिळतं, वर माडाच्या जातीच्या कितुल झाडाचा पाक घालून. दुपारचं जेवण टाळून हे खा.

मंगळवार : मादुरू ओया

पोलोन्नारुवाहून दीड-दोन तास. कॅनडाच्या मदतीने धरण बांधायला जागा निवडली, काम सुरू झालं, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मातीखाली प्राचीन बांधाचं पाणी सोडायचं बांधकाम सापडलं. नव्या अभियंत्यांनी नकाशे, मोजमापं करून जी जागा काढली, तीच जुन्या बांधणाऱ्यांनीही निवडली होती. ते बांधकाम जपून ठेवलं आहे. बिसोकोटुवा म्हणतात ती चौकोनी विहीर त्यातच : तळ्यातलं पाणी आधी तिच्यात उतरतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते बोगद्यातून शांतपणे शेताकडे जातं. त्यामुळे पाळ फुटत नाही. दगडांचे सांधे इतके घट्ट की बाबांनी नख घालून बघितलं, गेलं नाही.

तिथल्या पहारेकऱ्याला बाबांनी आपल्या मोबाइलमधला गावच्या तलावाचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून पाळ बघितली आणि अय्यांना विचारलं, "गाळ कधी काढला?" बाबा म्हणाले, "मागल्या उन्हाळ्यात." परतीच्या वाटेवर मामांचा फोन आला. यालाची बैठक एप्रिलमधल्या नववर्षानंतर आहे, तळ्यात पाणी बऱ्यापैकी आहे, पण खालच्या बांध्यांना पुरेल की नाही यावर आतापासून वाद सुरू झालाय. तीन महिन्यांचं वाण घ्या म्हणावं, असा बाबांचा निरोप अय्यांनी तिथल्या तिथे पोहोचवला.

कोणाला हाच रस्ता धरायचा असेल तर : कापणी बघायची असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य, पेरणी आणि भरलेली तळी बघायची असतील तर नोव्हेंबर-डिसेंबर, पण तेव्हा पुराची तयारी ठेवून. गाडी ड्रायव्हरसकट घ्या, कारण गावात बोलायला माणूस लागतो. खेड्यात मुक्काम करणार असाल तर आधी कळवा, आणि भेट म्हणून बियाणं द्यायचा-घ्यायचा मोह टाळा : ते नेता येत नाही, विमानतळावर अडवतात. मामींनी दिलेली नाचणी आम्हाला दळून पिठाच्या रूपातच आणावी लागली.